बांगड्या घालून पोकर

पोकरचा पहिला नियम असा, की प्रत्येकाला पाच पानं मिळतात आणि ती समोरच्याला दाखवायची नसतात. एवढी साधी गोष्ट शिकायला मला बराच काळ लागला. नियम कळला नव्हता असं नाही. पण पानं हातात आली की मी ती उलटी करून समोरच्या बाईलाच विचारायची, "ही चांगली हाईत का हो?"

तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांची होते, स्वतःला फार हुशार समजत होते आणि बेळगावच्या कॅम्पात एका बहिऱ्या म्हातारीबरोबर राहत होते. नवरा फौजेत मोटार चालवायचा. लढाई पेटली तशी त्याची रवानगी इराकात बसऱ्याकडं कुठंतरी झाली. जाताना तो आईला सांगून गेला, "ही खोली सोडू नका, एकदा गेली की परत मिळायची न्हाय." पागेमागं कौलारू खोल्यांची एक ओळ होती आणि पुढून सगळ्यांना मिळून एकच लांब सोपा होता. त्यातली एक खोली आमची.

सासर निपाणीचं. तंबाखूची वखार, वखारीला लागून घर, आणि घरात माणसं इतकी की कुणाला कुणाशी बोलायला सवड नसायची. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी तिथं काढलं होतं. त्या वर्षात मला उद्देशून लोक दोनच गोष्टी बोलले असतील. एक म्हणजे "पाणी आण" आणि दुसरी म्हणजे "बाजूला सर." तंबाखूचा खकाणा नाकात जायचा, डोळ्यांना पाणी यायचं, आणि हे पाणी खकाण्याचं की रडण्याचं हे विचारायला कुणी यायचं नाही. त्यामुळं नवरा गेल्यावर मला तिकडं परत जायचं नव्हतं. मी कॅम्पातच राहते म्हणून हट्ट धरला. सासूबाई मोठ्या नाराजीनं तयार झाल्या. सोबतीला सासऱ्यांची विधवा बहीण ठेवली. तिला सगळे आक्का म्हणायचे. निघताना सासूबाईंनी मला दारात उभं करून बजावलं, "कायतरी वावगं दिसलं का त्याच दिशी उचलून न्हेईन. मग रडत बसायचं न्हाय."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, जिंकले.

काय जिंकले ते पहिल्याच आठवड्यात कळलं. आक्काला ढोल वाजला तरी ऐकू यायचा नाही. मी बोलायची, ती माझ्या ओठांकडं बघून हसायची आणि म्हणायची, "व्हय, जेवले की." सकाळ कामात निघून जायची. दुपारी बराकीकडून बिगुल वाजायचं, पाववाला टोपली घेऊन परत जायचा, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत काहीच घडायचं नाही. आक्का भिंतीला टेकून झोपायची. मी चुलीशी बोलायची. चूल निदान फुरफुरायची तरी. कधी कधी मी नवऱ्याचा सदरा खुंटीवरून काढायची, झटकायची आणि परत खुंटीवर लावायची. त्याला घालायला माणूस नव्हतं, तरी तो मळत कसा होता कोण जाणे.

सागरगोटे तेवढे माहेरून, गुंजीहून आणले होते. पण सागरगोट्याला दुसरं माणूस लागतं. मग मी दोघींचे डाव एकटीच खेळायला लागले. एक माझा, एक 'तिचा'. 'ती' कोण हे मी ठरवलं नव्हतं. मात्र तिनं हरायचं हे ठरलेलं होतं. ती जिंकायला लागली की मी तिचा गोटा मुद्दाम पाडायची आणि वर म्हणायची, "चुकलीस. सोड आता."

असंच एकदा सोप्यावर चाललं होतं, तर पलीकडून आवाज आला, "तिला कशाला फसवतेस गो?"

"कुणाला?"

"ती समोर बसलीय ना तुझ्या, तिला."

मला इतकी लाज वाटली की मी गोटे ओच्यात भरले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी हळूच बाहेर डोकावले, तर ती बाई 'तिच्या' जागेवर बसलेली. पायाशी पत्त्यांचा जोड.

ती आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायची. गोव्याकडची किरिस्ताव बाई, सगळे तिला माई म्हणायचे. तिचा नवरा पलटणीच्या बँडात तुतारी वाजवायचा. तो वारल्यापासून ती काळा झगा घालायची आणि साहेबलोकांच्या पोरांचे कपडे शिवून पोट भरायची. हा पोकर तिच्या नवऱ्यानं गोऱ्या सोल्जरांकडून बराकीत उचलला होता आणि घरी येऊन बायकोला शिकवला होता.

"तो गेला नि हे पत्ते पडून राहिले," माई म्हणाली. "बाकीचे खेळ एकटीनं मांडता येतात. हा येत नाही. ह्यात लपवायचं असतं, आणि लपवायला समोर कुणीतरी लागतं."

मी इकडंतिकडं बघितलं. पत्ते म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे सासूबाईंच्या 'वावग्या'तलं सगळ्यात वरचं. आक्का घोरत होती. मी बसले.

पोकर असा असतो. आधी प्रत्येकानं मधे थोडं काहीतरी टाकायचं. आम्ही चिंचोके टाकायचो. मग पाच-पाच पानं वाटायची. आपली आपण बघायची, नको असतील ती खाली टाकून तेवढीच नवी घ्यायची. मग ज्याला आपली पानं भारी वाटतात तो मधे आणखी चिंचोके सारतो. समोरच्यानं एक तर तेवढेच सारायचे, नाही तर त्याहून जास्त सारायचे, नाही तर पानं टाकून गप बसायचं. शेवटपर्यंत दोघंही राहिले तर पानं उघडायची. दोन सारख्या पानांची जोडी झाली तर बरी. दोन जोड्या त्याहून बऱ्या. तीन सारखी आली तर त्याच्यावर. मग पाच सलग पानांची ओळ, मग पाची एका रंगाची, म्हणजे सगळी बदामाची किंवा सगळी इस्पिकची. त्यावर तीन सारखी नि दोन सारखी मिळून पाच, त्यावर चारी सारखी, आणि सगळ्यात वर एकाच रंगाची सलग ओळ. ती मी आजवर डोळ्यांनी बघितलेली नाही. माई म्हणायची, तिच्या माणसाला एकदा आली होती, पण त्या दिवशी तो पिऊन होता, तेव्हा खरं-खोटं देवाला ठाऊक.

हे सगळं मी पाठ केलं. पाठ करण्यात मी हुशारच होते. अडलं ते भलतीकडंच. माझ्या हातात एखादा राजा आणि एखादी राणी आली की मला त्यांतलं एकही पान टाकवत नसे. जवळ दुर्रीची चांगली जोडी असली तरी मी ती जोडी टाकायची आणि राजाराणीला धरून ठेवायची. माईला पहिल्यांदा कळेना ही पोर जोड्या का फेकतेय. एकदा तिनं माझी पानं ओढून घेतली.

"हा राजा चौकटचा. ही राणी किलवरची. ह्यांचं लग्न कुणी लावलं गो?"

"पण दोघं एकत्र आलीत ना हातात. ताटातूट कशी करायची?"

माईनं पानं परत माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "ठेव. आजच्या दिवस ठेव." आणि तिनं तो डाव मला सोडला. पुढं मात्र कधी सोडला नाही. राजा टाक, राणी टाक, म्हणून मागं लागायची. मी डोळे मिटून टाकायची, आणि टाकलेली दोन्ही पानं ढिगात एकमेकांना चिकटून पडतील असं बघायची. असलं ध्यान होते मी.

आक्काची एक गंमत. कधी जाग आली तर ती आमच्या हातातल्या मुकुटवाल्या पानांकडं बघायची आणि दोन्ही हात जोडायची. तिला वाटायचं माई मला त्यांच्यातले देव दाखवतेय. "पाया पड," ती मला सांगायची, "कुणाचं का असंना." मी राजाच्या पाया पडायची. माई गालात हसायची.

नंतर खरा खेळ सुरू झाला. खरा खेळ म्हणजे हातात काही नसताना, आहे असं भासवायचं. माई म्हणायची, पानं कुणालाही वाटली जातात, तोंड आपलं आपण वाटून घ्यायचं. मी आरशासमोर बसून तोंड घट्ट करायची. माझ्या मते माझं तोंड अगदी दगडासारखं व्हायचं. तरीही मी हरायची. माझ्याकडं भारी पानं असली की माई मुकाट्यानं आपली टाकून द्यायची, आणि मी खोटंच रेटायला लागले की हसत चिंचोके पुढं सारायची. मला खात्री झाली की हिला चर्चमधून काहीतरी विद्या मिळालीय. एका रविवारी ती चर्चहून आली तेव्हा मी तिला रागानं विचारलंसुद्धा, "तुमचा देव सांगतोय व्हय माझी पानं?"

"तुझ्या बांगड्या सांगतात," माई म्हणाली. "चांगलं पान आलं की तुझा हात थरथरतो. तोंड गप्प असतं. बांगड्या नाचतात. खोटं असलं की एक आवाज नाही."

मी हाताकडं बघितलं. लग्नातला हिरवा चुडा, त्यात नवरा जाताना सासूबाईंनी आणखी भरलेला. किणकिण तर होणारच. आणि त्या काढायच्या कशा? नवरा लढाईवर गेलेला. बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं, लगेच दुसरी भरायची. काढून ठेवायचं तर मनातसुद्धा आणायचं नाही.

पण माझ्या डोक्यात आता जिंकणं शिरलं होतं. ट्रंकेत नवऱ्याच्या जुन्या खाकी पट्ट्या होत्या, बुटाच्या वर पोटरीला गुंडाळायच्या असतात त्या. मी सगळ्या बांगड्या कोपराकडं सारल्या आणि दोन्ही हातांना त्या पट्ट्या मनगटापासून वरपर्यंत करकचून गुंडाळल्या. एकही बांगडी हलेना. माईनं ते बघितलं आणि म्हणाली, "आता खेळ."

त्या दुपारी आम्ही आमच्या खोलीत बसलो होतो आणि माझ्या हातात काहीसुद्धा आलं नव्हतं. पाच रिकामी पानं. मी एकही बदललं नाही. न बदलणं म्हणजे आपली पानं आधीच भारी आहेत असं सांगणं. मी चिंचोके सारले. माईनं माझ्या तोंडाकडं बघितलं, सवयीनं हाताकडं बघितलं, कान दिला. काही नाही. तिनं आणखी सारले, मी त्याहून जास्त सारले. शेवटी तिनं श्वास सोडला आणि पानं उताणी टाकून दिली. दोन एक्के होते तिच्याकडं. मी हलले नाही. जिंकल्यावरही तोंड हलवायचं नाही हे तिनंच शिकवलं होतं. मी समोर बघत बसले, मनातून जगाची महाराणी झालेली.

तेवढ्यात बघते तर दारात सासूबाई उभ्या.

निपाणीच्या मोटारीनं आल्या होत्या, न कळवता. काखेत गाठोडं. त्यांना काय दिसलं ते आज मी त्यांच्या डोळ्यांनी बघते. सून जमिनीवर बसलेली, दगडासारखं तोंड. समोर काळ्या झग्यातली बाई खाली मान घालून. आणि सुनेचे हात खाकी कापडात गुंडाळलेले, मनगटावर बांगडी नाही.

गाठोडं हातातून सुटलं. त्या उंबऱ्यावरच बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "कवा कळलं?"

मला काहीच समजलं नाही. माझ्या डोक्यात अजून तो डाव होता. मी तशीच बघत राहिले. त्यांच्या ओठांचा रंग उडत चालला होता.

माईला आधी कळलं. ती गुडघ्यावर रांगत माझ्याकडं आली, माझा हात ओढला आणि पट्टी सोडायला लागली. पट्टी लांबलचक, सुटता सुटेना. सुटली तशा सगळ्या बांगड्या घरंगळत खाली मनगटावर आल्या. सासूबाईंनी तो आवाज ऐकला. त्या पुढं सरकल्या, माझं मनगट धरलं, बांगड्यांवरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

(माझा नवरा पुढं लढाई संपल्यावर धडधाकट परत आला, पोट सुटलेलं घेऊन. तेव्हा त्याची काळजी नको.)

मग त्यांना राग आला, आणि तो यायलाच हवा होता.

"ह्ये काय थेर मांडलाईस? पत्तं? जुगार?"

"चिंचोके आहेत, बाई," माई हळू म्हणाली.

"चिंचोक्याचा असंना. तुमी मोठ्या, तुमाला तरी कळाय पायजे हुतं. तिकडं ल्योक माझा मरणाच्या दारात, आन हिकडं ही हात बांधून बसलीया." त्यांनी जमिनीवर हात आपटला. आक्का जागी झाली. तिनं सासूबाईंना बघितलं, खाली पडलेल्या राजाला बघितलं, आणि त्यातल्या त्यात राजालाच हात जोडले. कुणी हसलं नाही. माईनं पानं गोळा केली आणि ती आपल्या खोलीत निघून गेली.

 दिवेलागणीला सासूबाईंनी भाकरी खाल्ली आणि त्या पाय लांब करून बसल्या. खोलीभर नजर फिरवली. भांडी घासलेली, पाणी भरलेलं, नवऱ्याचा सदरा खुंटीवर नीट. राग निवळलेला मला दिसत होता. मग त्या म्हणाल्या, "हितं करमतं का गं तुला?"

आता माझी हुशारी ऐका. मला तिथं राहायचं होतं. माझ्या हाडाहाडात तेवढी एकच गोष्ट होती. उद्या दुपारी माई परत पत्ते घेऊन बसावी आणि मी तिच्यासमोर बसावं. निपाणीत मी सगळ्यांत असून कुणाचीच नव्हते, इथं निदान एक माणूस माझ्या हाताकडं लक्ष देऊन बघत होतं. पण मी नुकतीच पोकरात जिंकले होते. मी विचार केला, मला राहायचंय हे ह्यांना दिसलं तर ह्या हट्टानं नेतील. दाखवायचंच नाही. मग आपणच पानं टाकतील.

"मला काय," मी म्हणाले, "हितं काय नि तिथं काय, सारकंच."

"निपाणीला येतीस?"

"तुमी म्हणशीला तसं."

"मनापास्नं सांगतीस?"

"व्हय की."

हात मी मांडीखाली दाबून ठेवले होते. तोंड भिंतीसारखं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, फार वेळ, काहीतरी शोधल्यासारखं. मी आतून मोजत होते, आता टाकतील, आता टाकतील.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग सकाळी निघू."

समोरचं माणूस खेळतच नव्हतं. त्यांनी मला सरळ विचारलं होतं. पोकरच्या कुठल्याच नियमात ते बसत नाही, म्हणून मला ते ओळखूच आलं नाही. ह्या एका गोष्टीवर मी माझ्या त्या तरुण शहाणीला कितीतरी वेळा हसले असेन. आधी रागावून हसायची, आता नुसतीच हसते.

सकाळी खोलीला कुलूप घालून, आक्काला धरून आम्ही निघालो. माई सोप्यावर उभी होती. सासूबाईंसमोर ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. फक्त माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि आत गेली. लढाईनंतर मी एकदा नवऱ्याबरोबर तिकडं गेले होते. तिच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं, त्यांना ती गोव्याला गेली एवढंच ऐकून माहीत होतं.

निपाणीची मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची. संकेश्वरात ती थांबवून भट्टीत कोळसा घालायचे, तोवर सगळे खाली उतरून उभे राहायचे. सासूबाई आणि मी एका झाडाखाली उभ्या होतो. त्यांनी गाठोडं काखेतून खाली ठेवलं, त्याची गाठ सैल झाली होती. आत त्यांची दोन लुगडी होती, फणी होती, हळदीकुंकवाचा करंडा होता. एका दुपारसाठी कुणी एवढं आणत नाही.

मी बघतेय हे बघून त्यांनी गाठ आवळली.

"ऱ्हायला आलते मी," त्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "तिकडं घरात पोराचं नाव काढलं का समदी कामाला उठत्यात. म्हटलं सुनंजवळ ऱ्हावं. तुला त्याचं बोलायला कोण न्हाय, मलाबी न्हाय. पण तुलाच तिथं नको हुतं."

"मला पायजे हुतं," एवढे तीन शब्द होते. ते माझ्या तोंडात आलेही होते. आता ते बोलणं म्हणजे काल खोटं बोलले हे सांगणं, आणि मग त्या कायमच्या रागावतील असं मला वाटलं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. बायकांच्या बाकावर आक्का अंग पसरून झोपली होती, शेजारी एकीपुरतीच जागा होती. तिथं सासूबाई बसल्या. मी मागं, तंबाखूच्या पोत्याजवळ. निपाणीपर्यंत मला त्यांच्या पदराचं टोक तेवढं दिसत होतं.